जागच्या जागी चार सेकंद

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी रात्री टेक्सासमधल्या एनिस गावच्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या धावपट्टीवर, मी माझी मस्टँग जागेवर उभी ठेवली आणि तिची मागची चाकं धूर निघेपर्यंत फिरवली. याला बर्नआउट म्हणतात. बघताना वाटतं, काय कठीण आहे, ॲक्सिलरेटर दाबला की झालं. मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात पहिला प्रयत्न पूर्ण फसला, दुसरा जमला, आणि जमल्यावर आपण नेमकं काय केलं ते त्याच रात्री कराडला लावलेल्या फोनवर कळलं.

कराडचं आधी सांगतो, कारण त्याशिवाय माझ्या मनातली धाकधूक समजायची नाही. आबांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान आहे, हायवेला लागून. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे आणि ट्रकचे गोटा झालेले टायर अंगणात माणसाच्या उंचीएवढे रचलेले असत. शाळेतून आलो की माझं काम एकच, टायरमध्ये रुतलेले खिळे, काचा, खडे पक्कडीने काढायचे. मग आबा तो टायर बफिंगच्या यंत्रावर चढवत. जुन्या रबराचा वरचा थर खरवडला जाई, काळा भुसा उडे, आणि खालून मऊ, खरखरीत, ताजं रबर दिसायला लागे. त्यावर सोल्युशन, त्यावर नव्या रबराची पट्टी, आणि मग चेंबरमध्ये शेकायला. खरवडलेल्या भागाला आबा कुणाला हात लावू देत नसत. घामट बोट लागलं तरी तेवढ्या जागी रबर धरत नाही, असं ते सांगायचे. टायरवर नखाएवढी नक्षी उरली असली तर आमच्या घरात तो टायर ‘अजून चांगला’ होता. अशा घरातल्या मुलाने चांगल्या टायरचा मुद्दाम धूर करायचा, म्हणजे अन्नाचं ताट लवंडण्यासारखं होतं. त्यामुळे गाडी घेतल्यावर वर्षभर मी आबांना ड्रॅग स्ट्रिपबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता.

गाडी २०१६ ची मस्टँग जीटी, सेकंडहँड, मॅन्युअल गिअरची. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, ४३५ हॉर्सपॉवर, जोर मागच्या चाकांना. डॅलसच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला एवढ्या गाडीची काही गरज नसते. मला ती हवी होती म्हणून मी घेतली. आमच्या भागात काही चौकांत सकाळी रस्त्यावर काळी वर्तुळं दिसतात. रात्री टोळकी जमतात, चौक अडवतात आणि गाड्या गरागरा फिरवतात. बघे अगदी बंपरला लागून उभे असतात. चाकाची पकड अचानक आली तर गाडी कुठे जाईल याचा नेम नसतो, आणि ती जाते ती माणसांतच. टेक्सासने २०२१ मध्ये यासाठी कायदा कडक केला, आणि तो योग्यच केला असं माझं ठाम मत आहे. मला धूर बघायचा होता, हे खरं आहे. पण तो रस्त्यावर काढायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

त्यासाठी जागा तासाभराच्या आत होती. एनिसचा टेक्सास मोटरप्लेक्स १९८६ मध्ये बिली मायर या माजी रेसरने बांधला. पाव मैलाची सगळी धावपट्टी काँक्रीटची करायची ही त्या वेळी नवी गोष्ट होती. याच पट्टीवर एप्रिल १९८८ मध्ये एडी हिल यांनी पाव मैल ४.९९० सेकंदांत कापला, पिस्टन इंजिनाच्या गाडीची पाच सेकंदांच्या आतली ती पहिली धाव. त्याच पट्टीवर शुक्रवारी रात्री कुणीही प्रवेश फी भरून आपली रोजची गाडी पळवू शकतो. मला हे फार मोठं वाटतं. वानखेडेवर संध्याकाळी कुणीही बॅट घेऊन यावं आणि दोन ओव्हर खेळून जावं, तसं आहे हे.

आत गेल्यावर आधी तपासणी. बॅटरी घट्ट बांधलेली आहे का, कुठे तेल गळतंय का, सीटबेल्ट, टायर, आणि हेल्मेट. पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून वेगाने धावायचं तर हेल्मेट लागतंच आणि त्यावर स्नेलसारख्या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेची मान्यता हवी. मी नवीन घेतलं होतं. काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने नंबर लिहिला गेला आणि मी रांगेत लागलो. मागच्या टायरची हवा ३५ वरून २८ वर आणली, रबर जरा जास्त टेकावं म्हणून. हवा सोडतानाचा तो फुस्स आवाज ऐकून आबांची आठवण झाली. कमी हवेत टायर कडा खातो, हे त्यांचं वाक्य मी हजार वेळा ऐकलेलं.

पहिली धाव मी बर्नआउट न करताच केली, आधी पट्टी तरी कळू दे म्हणून. दिवा हिरवा झाला, मी क्लच सोडला, आणि मागची चाकं जागेवरच सुटली. इंजिन किंचाळतंय आणि गाडी पुढे जायला तयार नाही. पहिले ६० फूट जायला २.३१ सेकंद लागले. इतका वेळ तिथे फार झाला. पाव मैलाचा वेळ शेवटच्या वेगापेक्षा या पहिल्या ६० फुटांत जास्त बिघडतो, हे धावेनंतर मिळालेल्या वेळांच्या कागदी पट्टीवर छापूनच आलं होतं.

पुन्हा रांगेत आलो तेव्हा शेजारच्या रांगेत एक जुनी शेवरले नोव्हा होती आणि तिच्या मडगार्डला टेकून सत्तरीतला मालक उभा होता. माझी कागदी पट्टी त्याने न विचारता हातात घेतली, ६० फुटांचा आकडा बघितला आणि म्हणाला, “तुझे टायर थंड आहेत आणि घाणेरडे आहेत. पार्किंगमधली सगळी वाळू घेऊन तू पट्टीवर गेलास.”

मग अर्धा तास त्याने मला शिकवलं. रांग हळूहळू सरकत होती, तेवढा वेळ होता.

बर्नआउटचा खरा उपयोग दोन गोष्टींसाठी. टायरच्या पृष्ठभागावर रस्त्याची धूळ, तेलाचा अंश, उन्हाने कडक झालेलं मेलेलं रबर असतं, ते घासून काढायचं. आणि खालचं ताजं रबर गरम करायचं, म्हणजे ते चिकटतं. बाकी सगळा धूर हा फुकटचा. ड्रॅगचे खास मऊ टायर असतील तर जरा जास्त वेळ. माझ्यासारखे रस्त्याचे टायर असतील तर तीन-चार सेकंद पुरेत. त्याहून जास्त केलं तर रबर आतून तापून तेलकट होतं आणि पकड वाढायच्या ऐवजी कमी होते.

गाडी जागेवर का राहते, हे मला नीट माहीत नव्हतं. पुढची चाकं ब्रेकने धरलेली आणि मागची मोकळी, एवढंच त्याचं सूत्र. साध्या ब्रेकच्या पेडलने चारही चाकं धरली जातात. मग इंजिन मागच्या ब्रेकशी भांडत बसतं, पॅड आणि डिस्क जळतात, आणि ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरबॉक्सचं तेल काही सेकंदांत उकळायला लागतं. म्हणून लाइन लॉक वापरतात. त्याच्या नोव्हात पुढच्या ब्रेकच्या नळीत विजेवर चालणारा एक व्हॉल्व्ह होता आणि त्याचं बटण गिअरच्या दांड्यावर. ब्रेक दाबायचा, बटण दाबून धरायचं, पाय काढायचा. पुढच्या चाकांतला दाब नळीत अडकून राहतो, मागची मोकळी होतात. माझ्या मस्टँगमध्ये हीच सोय कंपनीने सॉफ्टवेअरमध्ये दिलेली आहे, २०१५ च्या मॉडेलपासून.

आणि पाणी. स्टार्टच्या आधी काँक्रीटवर एक ओला पट्टा असतो, वॉटर बॉक्स. कोरड्या काँक्रीटवर चाक सुटायला फार जोर लागतो आणि तो सगळा धक्का क्लच आणि ॲक्सलवर येतो. ओल्यावर चाक सहज सुटतं. ते फिरता फिरता पाणी उडून जातं, रबर कोरडं होतं, तापतं. पूर्वी पाण्याऐवजी ब्लीच ओतत असत, म्हणून काही जुने लोक त्या जागेला अजूनही ब्लीच बॉक्स म्हणतात. नोव्हावाल्याने तरुणपणी तेही केलेलं. ब्लीचचा तो धूर छातीत उतरायचा, हे सांगताना त्याने नकळत गळ्याला हात लावला.

शेवटी त्याने मला तीन गोष्टी पक्क्या करायला लावल्या. नक्षीचे टायर आहेत, तर पाण्यातून सरळ जायचं नाही. खाचांत आणि चाकाच्या कमानीत पाणी भरतं आणि नेमकं स्टार्टच्या रेषेवर ठिबकतं. तुझं नुकसान होतं आणि तुझ्या मागून येणाऱ्याचंही. पाण्याला वळसा घालून पुढे जायचं, आणि मग मागची चाकं त्या ओल्या भागाच्या फक्त कडेवर येतील इतकंच मागे घ्यायचं. दुसरं, गिअर दुसरा. पहिल्यात इंजिन लगेच वर जाऊन अडतं आणि चाकाला पुरेसा वेग मिळत नाही. तिसरं, क्लच सोडायचा तो एकदम. “घाबरून हळूहळू सोडलास तर टायरच्या जागी क्लच जाळशील.”

हे सगळं ऐकून मी गेलो आणि नेमकी तीच चूक केली.

पाण्याला वळसा घातला, मागे घेतलं, ट्रॅक्शन कंट्रोल बंद केला. स्टिअरिंगवरच्या बटणांनी ट्रॅक ॲप्स नावाच्या मेनूत जाऊन लाइन लॉक निवडला. हे फक्त ट्रॅकवर वापरा, अशी सूचना पडद्यावर आली, ती मान्य केली. ब्रेक जोरात दाबा म्हणून सांगितलं गेलं. दाबला. ओके दाबलं. लाइन लॉक लागला आणि तो आपोआप सुटायच्या आधीची १५ सेकंदांची मोजणी सुरू झाली. १५ सेकंद हा आकडा मी घरी वाचलेला होता, पण समोर आकडे उतरायला लागले तेव्हा हात थंड पडले. ब्रेकवरचा पाय काढायला मन धजेना, इतक्या वर्षांची सवय आहे ती. शेवटी काढला, इंजिन कसंबसं मिनिटाला २,००० फेऱ्यांवर नेलं आणि क्लच हळूहळू सोडला. गाडीने दोन आचके दिले, जळक्या क्लचचा तो ओळखीचा वास आला, आणि इंजिन बंद पडलं. समोर उभ्या असलेल्या ट्रॅकच्या माणसाने शांतपणे हाताने खूण केली, चालू कर, पुढे ये. मी तशीच धाव घेतली. ६० फूट, २.२८ सेकंद. म्हणजे काहीच फरक नाही.

रांगेत परत आलो तेव्हा साडेनऊ वाजत आले होते. क्लच निवावा म्हणून मुद्दाम मागे राहिलो, बॉनेट उघडं ठेवलं. आपण का चुकलो ते मला कळत होतं. मी चाकांना वाचवायला बघत होतो. लहानपणापासून हाताला तेच वळण आहे. इंजिनाचा जोर वाढला की पाय आपोआप आखडतो. पण इथे अर्धवट धीटपणाचा काही उपयोग नव्हता. चाक एकदा सुटलं पाहिजे. ते सुटेपर्यंतच क्लचला त्रास आहे, सुटल्यावर नाही, कारण घसरत फिरणाऱ्या चाकाची पकड उभ्या चाकापेक्षा कमी असते. शाळेतल्या विज्ञानात ‘स्थितिक घर्षण’ आणि ‘गतिक घर्षण’ असे दोन शब्द पाठ केले होते. ते त्या रात्री पायाच्या तळव्यात समजले.

तिसरी खेप.

वळसा. मागे. चाकं ओल्या कडेवर. ट्रॅकच्या माणसाने बोट गोल फिरवलं, म्हणजे सुरू कर. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, हे मी दोन्ही आरशांत आणि मान वळवून बघितलं. हे मी मनापासून सांगतो, कारण लाइन लॉक सुटला तर गाडी पुढेच उडी मारणार, आणि मागे खडे आणि रबराचे तुकडे गोळीसारखे जातात. क्लच दाबलेला, दुसरा गिअर. ब्रेक पूर्ण जोराने, ओके. मोजणी सुरू. ब्रेकवरचा पाय काढला. गाडी जागची हलली नाही. इंजिन ४,००० वर नेलं आणि क्लचवरून पाय बाजूला काढूनच घेतला.

मागून आधी पाणी उडाल्याचा फवारा आला, मग एक सलग घरघर. गाडीची शेपटी किंचित डावीकडे सरकली आणि थांबली. सीट थरथरत होती. स्पीडोमीटरचा काटा पंचेचाळीस मैलांवर, आणि खिडकीबाहेरचा खांब जिथल्या तिथे. हे दृश्य मेंदूला पटत नाही. एक सेकंद. दोन. आवाज बदलला, ओलसर घरघर जाऊन कोरडा, खोल असा गुरगुराट झाला. आरशात पांढरा धूर दिसला, आधी विरळ, मग मागचा दिव्याचा खांब झाकून टाकणारा. आणि मग ते झालं ज्याबद्दल नोव्हावाल्याने सांगितलं होतं. गाडी पुढे ढकलायला लागली. पुढची चाकं धरलेलीच होती, पण मागच्या टायरांना आता पकड यायला लागली होती आणि ते धरलेल्या पुढच्या चाकांना रेटत होते. इंचभर, मग आणखी इंचभर. टायर तयार झाल्याची ही खूण. मी ओके दाबलं, पुढचे ब्रेक सुटले, गाडी फिरत्या चाकांनिशी त्या ओल्या कडेवरून कोरड्यावर आली, आणि मी ॲक्सिलरेटर सोडला. स्टार्टची रेषा अजून पुढे होती. तिच्यावर चाकं फिरवत जायचं नाही.

जळक्या रबराचा वास आत आला, आणि मी दुकानात होतो. बफिंगचं यंत्र, काळा भुसा, आबांच्या भुवयांवर बसलेली काजळी. मी घशात आलेला आवंढा गिळला आणि रेषेकडे निघालो.

त्या धावेचे पहिले ६० फूट २.०७ सेकंदांत गेले. पाव मैल १३.२४. नोव्हावाला पट्टी बघून एवढंच म्हणाला, “आता कळलं ना?” आणि स्वतःच्या गाडीत बसायला गेला. त्याचा बर्नआउट मी कुंपणापाशी उभा राहून बघितला. धूर माझ्याहून कमी होता, वेळ अगदी नेमका, आणि गाडी केसभरही वाकडी झाली नाही.

दहा वाजता मी आबांना फोन लावला. तिकडे शनिवारची सकाळ, साडेआठ. शटर उघडल्याचा आवाज फोनमध्ये आला. आता लपवायचं नाही असं ठरवून सगळं सांगितलं. पाणी, लाइन लॉक, धूर, सेकंद, सगळं. रागावतील म्हणून मी थांबलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

“वरचं रबर गेलं?”

“गेलं, आबा. थोडंसंच.”

“खालचं कसं दिसतंय? चकाकतंय का खरखरीत हाय?”

मोबाइलचा टॉर्च लावून मी वाकून बघितलं. “खरखरीत. बारीक बारीक रवा आल्यासारखं.”

“आरं, मग बफिंगच की ते,” आबा म्हणाले. “चिकटवायच्या आधी मेलेलं रबर काढायचं न् खालचं जितं रबर वर आणायचं. आमी मशीनवर करतो, तुमी रस्त्यावर करताय. न्हाय, रस्त्यावर नको. तिथं, त्या मैदानात.”

“रस्त्यावर कधीच नाही, आबा.”

“हवा किती हाय?”

“अठ्ठावीस.”

“आन् घरी जाणार कसा?”

“भरतो आत्ता, पस्तीस.”

भारतातले मित्र आता विचारतात, आमच्या स्विफ्टवर होईल का. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, हँडब्रेक ओढून मागची चाकं धरली तर पुढची फिरतात, हे खरं. पण स्टिअरिंगची, ब्रेकची आणि जोर वाहून नेण्याची बहुतेक सगळी कामं त्याच दोन चाकांवर आहेत. आधी तुटतो तो ड्राइव्हशाफ्टचा सांधा. शिवाय पुढच्या चाकाच्या गाडीला सुटताना वजन मागे जातं, त्यामुळे मिळणारा फायदाही थोडा. मागच्या चाकांची गाडी असली तरी साधा डिफरन्शिअल (दोन चाकांत जोर वाटणारा गिअर) असेल तर एकच चाक फिरत राहतं आणि दुसरं नुसतं बघत बसतं. माझ्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल आहे म्हणून दोन्ही सारखी तापली. आणि सोसायटीच्या गेटसमोर, रिंगरोडवर, घाटात तर हा विचारही करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्यासाठीच आहे. पण दंडापेक्षा मला त्या चौकातले बंपरला लागून उभे असलेले बघे आठवतात. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. अशा ठिकाणी जा, तपासणी करून घ्या, तिथल्या जुन्या माणसाशेजारी अर्धा तास उभे राहा.

हवा भरून झाली. फोन मी तसाच चालू ठेवला होता. तापलेल्या चिकट टायरांनी पार्किंगमधली सगळी खडी गोळा केली होती, नक्षीत घट्ट बसलेली. आबांनी व्हिडिओ लावायला सांगितला. मग मी मागच्या चाकाशी उकिडवा बसलो आणि पाना-पेटीतली पक्कड घेऊन एकेक खडा काढायला लागलो, आणि आबा तिकडून सांगत होते, तो डावीकडचा राहिला बघ, त्याच्या खालचा.